लक्ष कुठे होतं?

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत अकराव्या मजल्यावरच्या एका कुटुंबाचा अर्ज आला. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. हॉलची सरकती खिडकी जमिनीपासून अडीच फुटांवर सुरू होते. तिला ग्रिल बसवायची परवानगी त्यांना हवी होती. चर्चा पाऊण तास चालली आणि त्यातला बहुतेक वेळ इमारतीच्या एलिव्हेशनवर गेला. एकाने ग्रिल लावलं की दुसराही लावणार, प्रत्येकाचं डिझाइन वेगळं, मग बाहेरून इमारत खुराड्यासारखी दिसणार, फ्लॅटचा भाव पडणार. शेवटी एक ज्येष्ठ सभासद उठले. स्वभावाने अतिशय सज्जन माणूस. म्हणाले, "अहो, आपली मुलं काय ग्रिल होतं म्हणून मोठी झाली? मुलांवर लक्ष ठेवायला हवं." बऱ्याच जणांच्या माना हलल्या. अर्ज पुढच्या सभेवर ढकलला गेला.

त्या रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. ते मी फार लहानपणापासून ऐकत आले आहे, फक्त प्रश्नाच्या रूपात.

माझ्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग आहे. 1976 साली लालबागच्या चाळीत, मी तीन वर्षांची असताना, उकळता चहा अंगावर ओढून घेतला. दहा बाय बाराची खोली, आत आम्ही सात माणसं, स्वयंपाक जमिनीवर. पाणी पहाटे यायचं आणि तासा-दीड तासात जायचं. त्या दिवशी आईने स्टोव्हवर चहा ठेवला, तेवढ्यात "पाणी आलं" अशी हाक आली आणि ती हंडा घेऊन मोरीकडे धावली. मला आठवतं ते एवढंच, की पातेल्याच्या कडेवरून एक फडकं लोंबत होतं. बाकी सगळं नंतर ऐकलेलं. आजीने आईला पहिला प्रश्न विचारला, "लक्ष कुठे होतं तुझं?" मग शेजारणींनी विचारला. दवाखान्यातही विचारला गेला. आईचं लक्ष कुठे होतं हे त्या मजल्यावर प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण त्या क्षणी प्रत्येक बाईचं लक्ष तिथेच होतं: नळावर. पण असं कोणी म्हणालं नाही. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि अजूनही माझी बाही वर सरकली की तिची नजर तिथे जाते.

मुलांना होणाऱ्या इजांबद्दल आपण समाज म्हणून जे काही करत नाही, त्याचं मोठं कारण हा प्रश्न आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. तो विचारला की चौकशी संपते. खिडकी, स्टोव्ह, पिंप, गटार, शिडी यांच्याकडे पाहायची गरजच उरत नाही. दोषी सापडलेली असते आणि ती बहुधा तिथेच रडत बसलेली असते. प्रश्नाने भागलं नाही तर नशीब आहेच. मूल वाचलं तर "काळ आला होता पण वेळ आली नव्हती", गेलं तर "एवढंच आयुष्य घेऊन आलं होतं". आईची चूक आणि देवाची इच्छा, या दोन टोकांच्या मधली सगळी जागा आपण मोकळी सोडली आहे, आणि मुलं पडतात, भाजतात, बुडतात ती नेमकी त्या मधल्या जागेत.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2008 साली या विषयावर मोठा अहवाल काढला. अनवधानाने होणाऱ्या इजांमुळे जगात दरवर्षी सुमारे 8 लाख 30 हजार मुलं दगावतात, म्हणजे रोज दोन हजारांहून जास्त, असं त्यात नोंदवलं होतं. यातले 95 टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. रस्ता, पाणी, आग, उंची आणि विष ही पाच मोठी कारणं. या 95 टक्क्यांपाशी थोडं थांबायला हवं. लक्ष न ठेवणं हेच मुख्य कारण असेल, तर गरीब देशांतल्या आया श्रीमंत देशांतल्या आयांपेक्षा कितीतरी पटींनी बेफिकीर असायला हव्यात. असं म्हणायची हिंमत कोणी करणार नाही. मग फरक आईत नाही हे मान्य करावं लागतं. तो घराच्या आकारात आहे, पाण्याच्या वेळेत आहे, कठड्याच्या उंचीत आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने 2001 मध्ये आपल्या पानांवरून 'ॲक्सिडेंट' हा शब्दच हद्दपार करायचं ठरवलं, कारण बहुतेक इजा आधी ओळखता येतात आणि टाळता येतात. आपल्या 'अपघात' या शब्दातही तोच गैरसमज आहे, जणू घाला अचानक आणि कुठूनही पडतो. मुंबईत तो कुठून पडणार हे बरंचसं आधीच दिसत असतं.

पाण्यापासूनच सुरुवात करते, कारण मुंबईत मुलांची सुरक्षितता आणि पाण्याचं वेळापत्रक यांचा संबंध कोणी लावत नाही. सात तलावांतून या शहराला पाणी येतं, पण बहुतेक वस्त्यांत ते दिवसातून काही तासच नळाला असतं. जे थोडा वेळ येतं ते साठवावं लागतं. म्हणून छोट्या घरात निळं पिंप असतं, मोरीत बादल्या भरलेल्या असतात, दाराबाहेर ड्रम असतो. पाणीकपात जाहीर झाली की त्यात आणखी एका टबाची भर पडते. दीड वर्षाच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते बादलीत वाकलं आणि तोल गेला की हातांच्या जोरावर त्याला बाहेर येता येत नाही. त्यासाठी खोल पाणी लागत नाही, नाकतोंड बुडेल इतकं पुरतं. आणि बुडणारं मूल ओरडत नाही. पाच फुटांवर भाजी चिरणाऱ्या आईलाही काही ऐकू येत नाही. चोवीस तास पाणी ही आपण सोयीची गोष्ट समजतो. ज्या घरात पिंप भरून ठेवायची गरज नाही, त्या घरात दीड वर्षाचं मूल पिंपात बुडू शकत नाही, इतका हा साधा हिशेब आहे. तोवर निदान घट्ट बसणारं, फिरकीचं झाकण असलेलं पिंप प्रत्येक घरात असावं. आरोग्यसेविका घरोघरी जाऊन डासांच्या अळ्यांसाठी पिंपं तपासतातच. त्याच भेटीत झाकण पाहणं आणि घरात रांगतं मूल आहे का, हे विचारणं फार अवघड नाही.

भाजण्याचंही तसंच. अंघोळीचं पाणी बादलीत हीटरचा रॉड टाकून तापवायचं, ती बादली जमिनीवर, आणि चालायला शिकणारं मूल त्याच चार पावलांच्या परिसरात. 60 अंशांचं पाणी मुलाची पातळ कातडी काही सेकंदांत खोलवर भाजतं. भाजल्यावर वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरावं, टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावू नये, हे सगळे डॉक्टर सांगतात आणि ते अगदी खरं आहे. पण ज्या खोलीतला नळ सकाळी सातला कोरडा होतो, तिथे दुपारी तीन वाजता वीस मिनिटं वाहतं पाणी आणायचं कुठून? प्रथमोपचाराचा सल्लासुद्धा नळ असलेल्यांसाठी लिहिलेला असतो. (साठवलेलं पाणी तांब्यातांब्याने वीस मिनिटं ओतत राहिलं तरी चालतं. ही एक ओळ प्रत्येक मराठी पत्रकात असायला हवी.) एकूण पाहता इजांमध्ये मुलींपेक्षा मुलगे जास्त सापडतात. आगीने भाजणं हाच एक प्रकार असा, की त्यात मुली पुढे आहेत. आठ-दहा वर्षांची मुलगी शेगडीपाशी बसते, भाकरी उलटते, धाकट्या भावाला दूध तापवून देते. "किती शहाणी आहे हो पोर," असं आपण कौतुकाने म्हणतो.

आता खिडकीकडे येते. मुंबई झपाट्याने उभी वाढते आहे आणि या बदलाचा मुलांच्या अंगाने विचार झालेला मला तरी कुठे दिसला नाही. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये, चाळीस मजली इमारतीत. त्यांच्या आनंदात मी मनापासून सहभागी आहे. शंभर वर्षं ज्या भिंतींनी गिरणगाव सांभाळला, तिथल्या माणसांना स्वतःचं स्नानगृह मिळायला हवंच होतं. पण चाळीत मूल एका आईचं नव्हतं. गॅलरीत वीस दारं उघडी असायची, कठड्यावर चढणाऱ्या पोराला पहिल्यांदा ओढणारा हात बहुधा शेजारणीचा असायचा. टॉवरमध्ये दार लागतं. ती वीस दारांची नजर एका रात्रीत एका बाईवर येते, आणि खिडकी दुसऱ्या मजल्यावरून बाविसाव्या मजल्यावर जाते. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेतल्या शेकडो इमारतींत हेच कधीपासून घडतं आहे, फक्त तिथे फोटो काढायला कोणी येत नाही.

गेल्या महिन्यात मी मोजपट्टी घेऊन आमच्या इमारतीतल्या ओळखीच्या सहा घरांत गेले. सहाही घरांत पलंग किंवा सोफा खिडकीला टेकून होता, कारण त्या खोल्यांत तो दुसरीकडे बसतच नाही. पलंगाची उंची दीड फूट, गादी धरून जवळपास दोन. खिडकी अडीचवर सुरू. म्हणजे गादीवर उभ्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याशीही खिडकीची चौकट पोचत नाही. तिथून पुढे एक सरकती काच, जिला बालहातांनीही ढकलता येईल असं गुळगुळीत चाक. चार घरांत कबुतरांची जाळी होती आणि "जाळी आहे ना" असं मला समाधानाने सांगण्यात आलं. ती नायलॉनची जाळी कबुतर अडवते. दहा-बारा किलोचं मूल तिच्यावर रेललं तर हुक निघून येतात.

जुलै 2025 मध्ये मुंबईच्या वेशीवर नायगावला एक चिमुरडी बाराव्या मजल्यावरून पडली. बाहेर निघण्याच्या घाईत आईने तिला क्षणभर खिडकीजवळच्या चपलांच्या कपाटावर बसवलं होतं. सीसीटीव्हीतलं ते चित्रण सगळ्यांच्या फोनवर फिरलं. फिरवणाऱ्यांनी खाली काय लिहिलं होतं? "लक्ष कुठे होतं?" बाराव्या मजल्यावर उघडी, विनाग्रिल खिडकी आणि तिच्या लगत कपाट ठेवण्याजोगी जागा कशी काय होती, हे विचारणारं माझ्या फोनवर तरी कोणी नव्हतं. एक आई आपलं मूल गमावून बसते आणि शहर तिचा सगळ्यात वाईट क्षण पुन्हा पुन्हा पाहून तिलाच न्याय सुनावतं, हे मला सहन होत नाही.

यावर उपाय माहीत नाही, अशातला भाग नाही. न्यूयॉर्कमध्ये 1970 च्या आसपास उंच इमारतींच्या खिडक्यांतून पडणाऱ्या मुलांच्या नोंदी शहराच्या आरोग्य खात्याने नीट तपासल्या. बहुतेक मुलं गरीब वस्त्यांतल्या जुन्या इमारतींतली निघाली. 1972 मध्ये ब्रॉन्क्स भागात आधी प्रयोग झाला: पालकांना समजावणं आणि सोबत फुकट खिडकी-गज देणं. तिथल्या अशा घटना निम्म्यावर आल्या. मग 1976 मध्ये नियम झाला, की तीन किंवा अधिक घरं असलेल्या इमारतीत दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल, तर घरमालकाने खिडक्यांना गज बसवलेच पाहिजेत, दोन गजांत साडेचार इंचांपेक्षा जास्त फट नको. ज्या साली माझ्या आईला "लक्ष कुठे होतं" विचारलं जात होतं, त्या साली जगातलं एक शहर "गज कुठे आहेत" असं घरमालकाला विचारायला लागलं होतं. आईने लक्ष द्यावं म्हणून त्यांनी पत्रकंही वाटलीच, पण पत्रकांवर थांबले नाहीत.

आमच्या सभेतला एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. कुलूपबंद ग्रिलमुळे आगीत माणसं अडकतात आणि अग्निशमन दलाचे जवान आत शिरू शकत नाहीत. हे खरं आहे. न्यूयॉर्कनेही आगीच्या वेळी बाहेर पडायच्या खिडक्या नियमातून वगळल्या होत्या. याचं उत्तर आतून मोठ्या माणसाला उघडता येईल अशी झडप असलेलं ग्रिल, किंवा खिडकी चार इंचांपलीकडे सरकू न देणारा अडसर हे आहे. तो अडसर बाहेरून दिसतही नाही, त्यामुळे एलिव्हेशनवाल्यांचीही अडचण मिटावी. मोठा प्रश्न जबाबदारीचा आहे. आपल्याकडे ग्रिल हा सभासदाचा खासगी हट्ट समजला जातो आणि सोसायटी त्याला परवानगी देणारी किंवा नाकारणारी असते. हे उलटं व्हायला हवं. नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देताना अग्निशमनाची पाहणी होते, लिफ्टची होते. तशी खिडकीची उंची आणि अडसर याचीही व्हावी. जुन्या इमारतींत लहान मूल असलेल्या घराने मागितलं तर ठरलेल्या नमुन्याचं ग्रिल नाकारायचा अधिकार सोसायटीला नसावा. सरकारने उपविधींत एवढी सुधारणा केली तरी पुरे.

झोपडपट्टीत खिडकीची जागा शिडी घेते. मुंबईच्या निम्म्याला येऊ पाहणाऱ्या लोकसंख्येचा, 2011 च्या जनगणनेप्रमाणे 40 टक्क्यांहून जास्त लोकांचा, पत्ता तिथला. खोलीवर खोली चढते, वरच्या खोलीकडे गल्लीतून सरळ उभी लोखंडी शिडी जाते, तिला कठडा नाही, पावसात ती निसरडी होते, आणि त्या शिडीवरून कडेवर मूल आणि हातात कळशी घेऊन बाई चढते. यासाठी कुठला कायदा लावायचा? ती खोलीच कायद्याच्या लेखी नाही. तरी एक दोरखंड किंवा दीड इंची पाइप शिडीच्या बाजूने उभा बांधायला नगरसेवक निधीतून फार पैसे लागणार नाहीत. अधिकृत होईपर्यंत मुलांनी पडत राहावं, असं तर आपण म्हणू शकत नाही.

सार्वजनिक जागेतल्या निष्काळजीपणाबद्दल मात्र मला समजूतदारपणे लिहिता येत नाही. मार्च 2024 मध्ये वडाळ्याच्या महापालिकेच्या महर्षी कर्वे उद्यानात चार आणि पाच वर्षांचे दोघे भाऊ पाण्याच्या टाकीत बुडून गेले. मुलांनी खेळावं म्हणून बांधलेल्या बागेत टाकीला धड झाकण नव्हतं. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली म्हणून निदान प्रश्न विचारले गेले. त्याआधी 2019 च्या जुलैमध्ये गोरेगावात एक चिमुकला उघड्या गटारात पडून पावसाच्या पाण्यात वाहून गेला होता. त्याच्याही आधी, ऑगस्ट 2017 च्या पुरात, डॉ. दीपक अमरापूरकर यांच्यासारखे नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, तेव्हा कुठे झाकणांखाली लोखंडी जाळ्या बसवायची चर्चा आणि मग काम सुरू झालं. मोठ्या माणसाचा, तोही ओळखीच्या माणसाचा जीव जावा लागला. ऑक्टोबर 2025 मध्ये उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूंसाठी 6 लाख रुपये भरपाई ठरवली आणि ती जबाबदार अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करायला सांगितली. रक्कम कमी वाटते, पण मला त्या आदेशाचं मोल वेगळ्याच कारणासाठी आहे. "लक्ष कुठे होतं" हा प्रश्न निदान एकदा तरी योग्य माणसाला विचारला गेला.

सणांबद्दल लिहिलं की राग येतो लोकांना, तरी लिहिते. मी लालबागची आहे, थर लागताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण सगळ्यात वर जाणारा गोविंदा लहान का असतो? तो हलका असतो म्हणून. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांत चढवणार नाही, असं राज्य सरकारने 2017 मध्ये उच्च न्यायालयात सांगितलं. ऑगस्ट 2025 मध्ये दहिसरला सरावाच्या वेळी वरून पडून अकरा वर्षांचा मुलगा गेला. सणाच्या दिवशी कॅमेरे असतात, पोलीस असतात, हेल्मेट आणि गाद्याही असतात. सराव महिनाभर गल्लीत चालतो आणि तिथे यातलं काहीच नसतं. मंडळाला परवानगी आणि बक्षिसाची रक्कम देताना सरावाच्या नोंदी मागा, एवढीच माझी मागणी आहे. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच बंदी घातली, संक्रांतीच्या आधी तो कुठे मिळतो हे आठवीतल्या पोराला विचारा.

विषाचं थोडक्यात सांगते. दारावर येणारं सुटं फिनाईल शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत मिळतं आणि तीन वर्षांच्या मुलाला ती बाटली ओळखीची असते. उंदराचं औषध पावाच्या तुकड्याला लावून ठेवलं जातं. रिमोटमधली आणि खेळण्यातली बटणासारखी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून जाळायला लागते, म्हणून "शी मधून पडेल" अशी वाट पाहायची नसते, थेट रुग्णालय गाठायचं. स्कूटरवर पुढे उभ्या केलेल्या मुलाबद्दल तर रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी पाहावं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, पण मुलाच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट आपल्या जवळच्या दुकानात मिळतं का, हे एकदा विचारून या.

मग लक्षाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि इथेच मला आमच्या सभेतल्या सज्जन गृहस्थांशी बोलायचं आहे. मूल सुरक्षित राहतं त्यात कोणीतरी पाहत असणं ही मोठी गोष्ट आहे. पण लक्ष हे वेळ आणि माणसं लागणारं काम आहे, आणि ती बाईकडे आहेत की नाहीत हे पाहिल्याशिवाय तिच्याकडे ते मागणं अन्याय आहे. बांगलादेशात बुडणाऱ्या लहानग्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की बहुतेक मुलं सकाळच्या वेळी, आई कामात असताना बुडतात. त्यांनी आयांना उपदेश केला नाही. गावागावात सकाळी नऊ ते एक अशी पाळणाघरं काढली. पाळणाघरात येणाऱ्या मुलांचं बुडून मरण्याचं प्रमाण 80 टक्क्यांहून जास्त घटलं. चार तास, एक खोली, गावातलीच एक प्रशिक्षित बाई, एवढंच त्यात होतं.

मुंबईत हे नवं नाही. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी 1972 पासून इथे 'मोबाइल क्रेशेस' या संस्थेची पाळणाघरं चालत आली. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक बायका कामावर असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. पण एका साइटवर पाच पोटकंत्राटदार असले की कोणाच्याच हजेरीपटावर पन्नास बायका दिसायच्या नाहीत. मूल मात्र तिथेच असतं, लिफ्टच्या उघड्या डक्टशेजारी, सळयांच्या ढिगावर, पाण्याच्या हौदाकाठी. ज्या टॉवरच्या एलिव्हेशनची आम्हाला इतकी काळजी, तो असा बांधला गेला. अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुलं काही तास जातात. बुडण्या-भाजण्याचा धोका सगळ्यात जास्त ज्यांना, त्या एक ते तीन वयाच्या मुलांना आई कामावर गेल्यावर सांभाळणारी आठ वर्षांची बहीण असते. अंगणवाडीला पाळणाघर जोडायची केंद्राची पालना योजना 2022 पासून आहे. प्रत्येक वस्तीत तिचं एक केंद्र उघडण्यापेक्षा मुलांच्या इजा कमी करणारी दुसरी कुठली गोष्ट मला तरी सुचत नाही.

आणि यातलं काही करायचं तर आधी मोजायला हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यूंची आकडेवारी देतो, पण ज्याचा हात मोडला, चेहरा भाजला, डोळा गेला, ते मूल त्यात नसतं. महापालिकेच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर लिहिलं जातं: 'उंचावरून पडला'. किती उंचावरून, खिडकीतून की शिडीवरून, कठडा होता का, जवळ कोण होतं, यातलं काही नाही. कित्येकदा पालक खरं सांगतही नाहीत. पोलीस केस होईल, दोष आपल्यावर येईल, ही भीती असते. मोरीतल्या बादलीत पडलेलं मूल "पलंगावरून पडलं" होतं. दोष द्यायच्या आपल्या सवयीने आपली नोंदवहीसुद्धा खोटी केली आहे. केईएम, सायन, नायर, कूपर, राजावाडी आणि परळचं वाडिया, एवढ्या ठिकाणी केसपेपरवर चार ओळी वाढवल्या आणि त्या वर्षभर गोळा केल्या, तरी मुंबईत कोणत्या वॉर्डात मुलं कशाने जखमी होतात याचा नकाशा हातात येईल. डासांचा असा नकाशा आपण काढतोच.

या लेखासाठी मी आईला पुन्हा त्या सकाळीबद्दल विचारलं. ती म्हणाली, स्टोव्ह ठेवायला भिंतीतला कट्टा करून घ्यायचा, असं तिने त्याआधी दोनदा म्हटलं होतं. बावीस रुपये सांगितले होते गवंड्याने. घरात वाटलं, कशाला खर्च. मी भाजल्यावर आठ दिवसांत तो कट्टा झाला. धाकटा भाऊ त्याच खोलीत रांगला, चालला, मोठा झाला. त्याच्या अंगावर एक डाग नाही. आईचं लक्ष तेव्हाही तेवढंच होतं आणि नळही पहाटेच यायचा.

आमच्या सोसायटीची सभा येत्या रविवारी आहे. विषयपत्रिकेवर ग्रिलचा अर्ज सातवा आहे, पार्किंग आणि रंगकामाच्या नंतर. तो पहिला घ्यावा, असं पत्र मी काल सचिवांना दिलं. सोबत सहा घरांची मोजमापं जोडली आहेत.